विश्रांतीचं स्टेशन

"तिला कशाला हवी ती परीक्षा? जिवंत माणसाशी दोन शब्द धड बोलत नाही, आजाऱ्याशी काय बोलणार? नापास झाली की बसेल आपल्या काउंटरवर. नंबर पुकारायला काय अक्कल लागते?"

सासूबाईंचं हे बोलणं सुनेच्या कानावर जायचं नव्हतं. पण ती जिन्यात उभी होती, हातात इस्त्री केलेला पांढरा एप्रन घेऊन. खाली दवाखान्यात सासूबाई आपल्या मुलाशी बोलत होत्या, आणि तो हसला. 'आई, असं नको बोलूस' एवढंसुद्धा म्हणाला नाही. हसला आणि त्यानं तोंडात पेपरमिंटची गोळी टाकली. गोळीच्या कागदाचा चुरचुर आवाज जिन्यापर्यंत आला.

माणूस घुमं असलं की लोकांना वाटतं त्याला कानही नसतात. लग्न होऊन ती या घरात आली, त्याला वर्षही झालं नव्हतं. पण तेवढ्यात तिनं जिन्यात, दाराआड, मोरीच्या पलीकडे उभं राहून जे ऐकलं होतं, त्यात एक सबंध संसार मावला असता. ती बोलत नसे. आत काहीतरी मात्र मंद आचेवर ठेवल्यासारखं रटरटत असे.

घर वर आणि दवाखाना खाली. सासरे म्हणजे मोठे डॉक्टर, नवरा धाकटा डॉक्टर, आणि दोघांच्याही वर सासूबाई, कारण काउंटर त्यांच्याकडे. त्यांनी नंबर पुकारला की तापानं फणफणलेला माणूससुद्धा ताठ उभा राहायचा. सूनही डॉक्टरकीच शिकलेली. लेखी परीक्षेत तिनं भल्याभल्यांना मागे टाकलं होतं. अडलं ते प्रात्यक्षिकात, आणि तेही एकाच गोष्टीवर: रुग्णाशी जवळीक साधणे. गेल्या खेपेला परीक्षकानं तोंडावर सांगितलं होतं, "तुम्हाला सगळं येतं हो, पण तुम्ही बोलतच नाही." आता ही दुसरी आणि शेवटची संधी. तिसरी मिळत नाही. ही गेली की इतक्या वर्षांची विद्या पाण्यात, आणि उरलेला जन्म काउंटरमागच्या उंच स्टुलावर.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्यानं तिची शिकवणी घेतली.

"अगं, जवळीक म्हणजे काय? नाटक. गोळी चघळायची, म्हणजे तोंडाला वास नको. हसायचं. नाव विचारायचं. हात चोळून गरम करायचे. मग खांद्यावर दोनदा थोपटायचं, असं, आणि म्हणायचं, 'तुम्हाला किती त्रास होत असेल, मी समजू शकतो.'"

"आणि समजलं नाही तर?"

"समजायचं कशाला? म्हणायचं."

"अहो, पण छाती तपासली आणि आवाज ऐकूच आला नाही तर?"

तो पुन्हा हसला. "ऐकू येवो न येवो, काय असणार हे आधी ठाऊक असलं की झालं. ठासून सांगायचं. मी काय केलं होतं? पहिला आलो ना?"

"माझ्या परीक्षेत पहिला येणं म्हणजे गंमत नव्हती," मोठे डॉक्टर खुर्चीतून म्हणाले. कित्येक वर्षं तेच या परीक्षेचे परीक्षक होते, पोटचा मुलगा परीक्षेला बसला त्या वर्षीसुद्धा. त्याबद्दल या घरात कुणाला कधी काही वाटलं नव्हतं. "तेव्हा खरे पेशंट असायचे. आता काय, नट आणून झोपवतात. ह्याला पोटदुखी, त्याला दमा. सगळी सोंगं."

सासूबाईंनी कपाटातून एक डबा काढला. आत धाकट्या डॉक्टरचा जुना स्टेथोस्कोप होता. त्या परीक्षेनंतर त्यानं तो वापरला नव्हता. पायगुणाचा म्हणून जपून ठेवला होता.

"हा घेऊन जा उद्या," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या तोंडानं नाही, निदान ह्याच्या पुण्याईनं तरी तरशील."

तिनं तो घेतला. 'माझा स्वतःचा आहे' असं ओठांवर आलं होतं. तिथेच राहिलं.

परीक्षा होती इस्पितळाच्या जुन्या इमारतीत. एके काळी तिथे बायकांचा वॉर्ड होता. तो बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आता फक्त परीक्षेसाठी त्याचं कुलूप निघायचं. खिडक्यांच्या काचांना आतून पांढरा रंग फासलेला. बाहेर लख्ख दुपार असली तरी आत कसला प्रहर आहे ते कळत नव्हतं. छताच्या ट्यूबलाइटच्या नळ्या भुणभुणत होत्या. फिनेलचा वास होता, आणि फिनेलच्या खाली आणखी एक, जुन्या गादीत मुरलेल्या घामाचा वास. तो कितीही पुसला तरी जात नाही.

हिरवे पडदे टांगून वॉर्डाचे खण पाडले होते. एकेका खणाला स्टेशन म्हणायचं. आत एक नट खाटेवर, एक परीक्षक खुर्चीवर. दाराशी स्टुलावर बसलेल्या मावशी घंटा वाजवायच्या. एक घंटा झाली की आत जायचं. दुसरी झाली की तोंडातलं वाक्य तसंच टाकून पुढच्या पडद्याआड. मधेच एक स्टेशन विश्रांतीचं. तिथे नुसती खुर्ची. बसायचं, पाणी प्यायचं, घंटा झाली की उठायचं.

पहिल्या स्टेशनला एक तरुण नट डोकं धरून पडला होता. ती म्हणाली, "तुम्हाला किती त्रास होत असेल, मी समजू शकते." वाक्य घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. नटानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिलं. त्याला बिचाऱ्याला तिचीच दया आली असावी. पुढच्या स्टेशनला एका बाईला वाईट बातमी सांगायची होती. ती नुसती बघत राहिली. परीक्षक घड्याळाशी चाळा करत म्हणाले, "बोला, डॉक्टर, बोला. की आम्हीच सांगू त्यांना?"

घंटा.

हिरव्या पडद्यांमधल्या त्या अरुंद वाटेनं जाताना तिच्या कानात जिन्यातलं ते हसू वाजत होतं. राग आता डोक्यात राहिला नव्हता. तो खाली उतरून तळहातांत आला होता. हात इतके तापले होते की चोळण्याची गरजच नव्हती.

पुढचं स्टेशन शेवटच्या खिडकीजवळचं, विश्रांतीचं. तिनं पडदा सारला. खुर्ची नव्हती.

खाट होती. लोखंडी, रंगाचे पोपडे उडालेली, इतर स्टेशनांवरच्या खाटांपेक्षा बरीच जुनी. तिच्यावर उशांना टेकून एक बाई बसली होती. आडवं झालं की दम लागणारी माणसं बसतात, तशी. पन्नाशीची असावी. अंगात इस्पितळाचा झगा, त्याची सगळी बटणं उघडी. परीक्षक कुठेच नव्हता.

तिला वाटलं, ऐन वेळी क्रम बदलला असेल. असं करतात म्हणे. ती पुढे झाली, आणि तिला वास आला.

पेपरमिंटचा.

"नमस्कार, मी…"

"ते राहू दे," बाई म्हणाली. आवाज हळू होता, पण त्यात विनवणी नव्हती. "ते सगळे म्हणतात."

ती गप्प झाली. गप्प राहणं तिला जमत होतं. गप्प राहिलं की दिसतं. आणि तिला दिसली ती झग्याची उघडी बटणं, आणि त्यांच्याआड, गारठ्यात राहिल्यासारखी, निळसर पडलेली कातडी.

"गार वाटतंय तुम्हाला?" असं विचारून ती उत्तराची वाट न बघता बटणं लावू लागली. खालून वर, एकेक. बोटं कातडीला लागली तशी दचकली. दगडी ओट्याची खालची बाजू असते ना, जिथे कधी ऊन पोचत नाही, तसा तो स्पर्श होता.

"लावणारी तू पहिलीच," बाई म्हणाली. "उघडायला मात्र रांग लागायची."

वरचं एक बटण तिनं तपासण्यासाठी उघडं ठेवलं. बाईनं तिचा हात धरला.

"हात ऊन आहेत तुझे. रागावलीयस?"

आजवर हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. रागीट माणसाला विचारतात. घुम्या माणसाला कोण विचारतो?

"हो," ती म्हणाली.

"कुणावर?"

"घरच्यांवर."

"मी इथल्यांवर," बाई म्हणाली, आणि दोघींच्या मधे काहीतरी बसलं, पक्कं, जसं दाराला कडी बसावी. पुस्तकात त्यालाच जवळीक म्हणतात की काय, कुणास ठाऊक.

पडद्यापलीकडे सगळं शांत होतं. शेजारच्या स्टेशनचं बोलणं ऐकू यायला हवं होतं. नळ्यांची भुणभुणही थांबली होती.

"माझ्या छातीत म्हणे पुस्तकातला आवाज होता," बाई सांगू लागली. "लाकडी जिन्यावरून कुणी पिंप गडगडत नेतंय, असा. मला कुठला ऐकू यायला! पण दर परीक्षेला बोलावणं यायचं. मी यायची. औषध मिळायचं ना. एकेक यायचा, झगा उघडायचा, ऐकायचा, जायचा. तोंडाकडे कुणी बघायचं नाही. छातीलाच नाव होतं. मला नव्हतं…"

"मग?"

"त्या दिवशी सकाळपासून काहीतरी वेगळंच होत होतं. मोठ्या डॉक्टरना म्हटलं, आज नको, आज जीव घाबरतोय. त्यांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, थोडीच मुलं राहिलीत, बाई. कळ काढा." ती थांबली. "काढली. काढता काढता… संपली."

"कळ?"

बाईनं छातीवर हात ठेवला.

"सगळ्यात शेवटी एक उंच मुलगा आला. तेव्हा मी नव्हते."

"कुठे गेला होतात?"

"कुठे नाही. इथेच. अशीच टेकून. पण नव्हते." बाईचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते, मघापासून त्यांची पापणीही लवली नव्हती, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. "तोंडात गोळी होती त्याच्या. खांद्यावर दोनदा थोपटलं. म्हणाला, तुम्हाला किती त्रास होत असेल, मी समजू शकतो. मग छातीवर ते ठेवलं. आणि खणखणीत आवाजात म्हणाला, ऐकू आलं सर. स्पष्ट. अगदी पुस्तकातल्यासारखं. मोठ्या डॉक्टरनी शाबासकी दिली…"

तिनं खाटेची दांडी धरली. दांडीही तशीच गार होती.

"तू ऐक," बाई म्हणाली.

पळून जावं असं वाटलं नाही, असं नाही. पण पळून जाणार कुठे? काउंटरवर? तिनं स्टेथोस्कोप कानांत घातला. चकती तळहातात धरून गरम केली, आणि मग त्या छातीवर ठेवली.

काही नव्हतं. घरघर नव्हती. ठोका नव्हता. श्वास नव्हता. ओसाड विहिरीत वाकून बघावं आणि खालून आपला स्वतःचा आवाजही परत येऊ नये, तशी शांतता होती ती. नळ्यांतून ती शांतता हळूहळू वर चढत तिच्या कानांशी आली.

"ऐकू येतंय?" बाईनं विचारलं.

'हो' म्हणायला काय लागतं? काय असणार ते आता ठाऊक होतं. ठासून सांगायचं. पहिला नंबर येतो.

"नाही," ती म्हणाली. "मला… काहीच ऐकू येत नाही."

बाईचा चेहरा सैल पडला. "एवढंच म्हणायला हवं होतं गं कुणीतरी," ती पुटपुटली. "एवढंच." मग तिची नजर त्या चकतीवर गेली, आणि चेहऱ्यावर पुन्हा ते कठीण काहीतरी आलं. "पण तो म्हणाला ना, ऐकू आलं? मग असेल त्याच्याचजवळ. माझ्याकडे तर नाही. विचार त्याला."

घंटा वाजली. कानापाशी वाजावी अशी. तिनं दचकून मागे पाहिलं. पडद्याशी मावशी हात हलवत होत्या, चला, चला.

"झाली विश्रांती?" ती बाहेर आली तशी मावशी हळूच म्हणाल्या. "तुमचा तर रंगच उतरलाय. ती खुर्ची बोचरीच आहे मेली."

तिनं वळून पाहिलं. पडदा अर्धा उघडा होता. आत एक खुर्ची होती आणि खुर्चीवर पाण्याची न उघडलेली बाटली.

पुढच्या स्टेशनला एक म्हातारा नट छातीत दुखल्याचं सोंग घेऊन पडला होता. तिनं स्टेथोस्कोप लावला. आणि त्या धडधाकट म्हाताऱ्याच्या छातीतून, खोल, दूरवर, कुणीतरी लाकडी जिन्यावरून पिंप गडगडत नेऊ लागलं.

तिनं चकती उचलली. हवेत धरली.

पिंप गडगडतच राहिलं.

"काय ऐकू आलं, डॉक्टर?" परीक्षकीण बाईंनी विचारलं.

"जे येतंय ते यांचं नाही," ती म्हणाली. "माझं यंत्र बरोबर नाही. तुमचं द्याल?"

परीक्षकीण बाईंनी भुवया उंचावल्या, पण गळ्यातला काढून दिला. त्यातून म्हाताऱ्याचं हृदय ऐकू आलं. साधं, नीटस, टक टक. तिला रडू येईल असं वाटलं. रडण्याऐवजी तिनं म्हाताऱ्याला विचारलं, "काका, सकाळपासून किती जणांनी दुखवलंय हो तुम्हाला?"

"मोजणं सोडलंय बाई," म्हातारा म्हणाला आणि उठून बसला. "चहाचं मात्र कुणी विचारलं नाही."

"पाठ अवघडली असेल. उशी सरकवू?"

परीक्षकीण बाई हसल्या. आणि मग तिचं तोंड जे उघडलं, ते उरलेल्या सगळ्या स्टेशनांवर उघडंच राहिलं. शिकवलेलं एक वाक्य तिनं उच्चारलं नाही. दिसेल ते विचारलं, कळलं नाही तर कळलं नाही म्हणाली. जुना स्टेथोस्कोप तिनं रुमालात गुंडाळून पर्सच्या तळाशी ठेवला होता. रुमालातूनही तो गार लागत होता.

संध्याकाळी निकाल लागला. ती पास झाली होती.

घरी जेवणाच्या टेबलाशी सगळे खुशीत होते. आपापल्या खुशीत.

"मी म्हणतच होते, जमेल तिला," सासूबाई म्हणाल्या. डोळ्याला डोळा भिडवून म्हटलं त्यांनी हे, जराही न अडखळता.

"पायगुण कुणाचा?" नवऱ्यानं स्वतःच्या छातीवर टिचकी मारली. "माझ्या स्टेथोस्कोपचा. आणि शिकवणी कुणाची?"

"पण बोललीस तरी काय पेशंटशी?" मोठे डॉक्टर तोंडात घास ठेवून म्हणाले. "तू, आणि बोललीस!" आणि तिघंही हसले. तेच हसू, जिन्यातलं.

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. राग अजून तळहातांतच होता, पण आता तो थरथरत नव्हता.

"जिवंत माणसांशी मला बोलता येत नाही ना, आई," ती म्हणाली. सासूबाईंचा हात वाढता वाढता थांबला. "म्हणून आधी दुसऱ्या एकीशी बोलले. शेवटच्या खिडकीजवळची खाट. उशांना टेकून बसल्या होत्या. झग्याची बटणं उघडी होती. म्हणाल्या, मोठ्या डॉक्टरना सांगितलं होतं मी, आज नको. ते म्हणाले, कळ काढा."

मोठ्या डॉक्टरांनी घास गिळला नाही. सुनेला तो त्यांच्या गालात तसाच दिसत होता.

"तुला… तुला कुणी सांगितलं हे?" नवरा म्हणाला. "ती मागाहून गेली. मी बाहेर आल्यावर. बाबा, तुम्हीच म्हणालात ना, मागाहून गेली…"

बाबांनी नजर ताटात खुपसली. जेवण उरकून तोंडात टाकलेली पेपरमिंटची गोळी नवऱ्यानं कडकन चावली.

तिनं पर्स उघडली. रुमाल सोडला. स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला, चकती उघड्या लाकडावर पालथी. कुणीही तो कानांत घातला नव्हता, तरी पाण्याच्या भांड्यांत बारीक बारीक वर्तुळं उठू लागली. आणि मग त्या मोकळ्या नळ्यांतून, आधी दूरवर, मग जिन्याच्या एकेका पायरीनं जवळ येत, तो आवाज खोलीत आला. सासूबाईंनी जिन्याच्या दाराकडे पाहिलं. नवऱ्यानं दोन्ही हात कानांवर दाबले. पण ज्या तऱ्हेनं त्याचे डोळे फिरले, त्यावरून तिला कळलं की हात दाबून उपयोग नाही.

ती उठली. त्याच्या मागे गेली. त्याच्या खांद्यावर तिनं हलकेच थोपटलं, दोनदा.

"त्या बाईंनी विचारलंय," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशी, "आता ऐकू येतंय का?"